मरुपावती

नोटीस कन्नडात आहे.
हौसाक्का ती माझ्या हातात देते
आणि मांडीवरचं सूप न उतरवता म्हणते,
वाच, पर सावकाश नको. पानं सुकाय लागल्यात.

मी वाचते : हेच्चुवरी पावती.
पावती? मग चांगलंच की.
आपल्याला कुणी पावती दिलीया कवा?
तसं नव्हे आक्का. इकडं पावती म्हणजे पैसे देणं.
हेच्चुवरी म्हणजे जास्तीचं.
एकतीस महिने तुला जास्तीचे दिले, महिना आठशे,
ते चोवीस हजार आठशे आता
मरुपावती कर म्हणतायत.

कात्री थांबली.
मरू?
आता आणि कोण मरू?

परत, मी म्हटलं. त्यांच्यात मरु म्हणजे परत.

तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं, तोडलं.
मेल्याची पावती तर त्यांच्याकडंच हाय, म्हणाली,
दत्तोबाची. दोन प्रती, शिक्क्यासकट.
तिच्यावरच सुरू झाला की पगार.
(ती पगार म्हणते, सरकार वेतन म्हणतं.
विधवा असणं ही नोकरी आहे
याबद्दल दोघांचं एकमत.)

मागच्या पानावर हिशेब होता.
रोज हजार विड्या, गुणिले तीनशे पासष्ट,
गुणिले हजारीचा दर :
उत्पन्न मर्यादेच्या बाहेर.
सुबक हिशेब. त्यात बेंदूर नव्हता,
कारखान्याला पान आलं नाही ते अकरा दिवस नव्हते,
आणि छाट तर नव्हतीच.

अर्ज कन्नडातच लिही, म्हणाली.
भांडण पैशाचं हाय. भाषेचं मागनं बघू.

नाडकचेरीत शिरगुप्पी साहेबांनी
नोटीस उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.
कंप्युटरनं काढलंय, बाई.
हौसाक्कानं मजुरीचं पुस्तक टेबलावर ठेवलं,
तंबाखूचा वास सगळ्या फायलींवर बसला.

साहेब, छाट कवा काढत्यात?

ते गप्प. मीही गप्प.

सांजचं काढत्यात. माझ्याम्होरं.
एकेक विडी दाबून बघत्यात, वाकडी असली की बाजूला.
मी भांडते. हरते बी. पर ती समोर असती, विडी.
कट्टा बांधला, गाडी गेली,
कुठं कुणीतरी ओढली, थोटूक पायाखाली चिरडलं,
आणि अडीच वर्सांनी कुणी दारात येऊन म्हणत न्हाई
ती छाट होती, पैसं टाक.
तुमचं आठशे मी ओढून टाकल्यात, साहेब.
महिन्याचं महिन्याला.
थोटूक बी न्हाई.

मला कन्नड करायचं होतं या सगळ्याचं.
केलं, अडखळत. छाटेपाशी मात्र अडले,
शाळेत हा शब्द शिकवला नव्हता.
शिरगुप्पी साहेबांनीच माझं वाक्य पुरं केलं,
कन्नडात, आणि मधोमध छाट तशीच ठेवली,
घरातला शब्द असल्यासारखी.
मग खिडकीकडं बघत राहिले थोडा वेळ.

अर्जावर लिहिलं : परिशीलिसि. तपासा.
कोणी तपासायचं, कधी, ते लिहिलं नाही.
वसुलीला स्थगिती देणं माझ्या हातात नाही, म्हणाले,
चिक्कोडीला जावं लागेल, कदाचित बेळगावला.

बरं, म्हणाली हौसाक्का, आणि उठली नाही.
पावती द्या.

पावती? त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
पैसे आता कसे देणार?

तुमची न्हवं, म्हणाली ती.
आमची.

त्यांना समजायला क्षणभर लागला.
मग हसले नाहीत, हे बरं केलं.
चिठ्ठीवर आवक नंबर घातला, तारीख घातली,
शिक्का दोनदा मारला, पहिला पुसट उठला होता.

बसमध्ये तिनं ती चिठ्ठी
मजुरीच्या पुस्तकात, आजच्या कोऱ्या पानावर ठेवली.
आजचा दिवस त्यांनी कितीचा धरलाय, गं?
हजार, मी म्हटलं.

घरी येईस्तोवर पानं कडक झाली होती.
परत भिजवावी लागली.